बँडमधला दुसरा कॉर्नेट आणि पहाटेचे तास

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या एनसीसी बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकायचं पितळी वाद्य, वाजवते. डिसेंबरपासून रोज पहाटे साडेपाचला घर सोडते, दोन-अडीच तास सराव करते आणि तशीच लेक्चरला बसते. ओठ सुजलेले असतात. घरी वाजवते तेव्हा गाणं काही ऐकू येत नाही, नुसतं ‘पूं, पूं’. आणि हे सगळं 26 जानेवारीच्या दहा मिनिटांसाठी. एवढी मेहनत खरंच लागते का, की मुलांना उगाच राबवून घेतात? तिला थांबवावं का?

मी सेनेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतो. पचमढीच्या लष्करी संगीत विभागात शिकलो आणि निवृत्तीनंतर सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या आईवडिलांकडून मी ऐकलेला आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बँडला एवढी मेहनत लागते का, याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकतो: लागते. तिच्या बँडमध्ये ती मेहनत सत्कारणी लागते आहे का, हे तिथल्या शिकवणाऱ्यावर, मैदानावर, वाद्यांच्या अवस्थेवर आणि तिच्या तब्येतीवर अवलंबून आहे. ते इथून सांगता येणार नाही, पण तुम्ही स्वतः कसं ओळखायचं ते सांगतो.

आधी त्या ‘पूं, पूं’बद्दल. तुमच्या वर्णनावरून ती बहुतेक दुसरा कॉर्नेट वाजवते. मार्चच्या धूनमध्ये गाणं असतं पहिल्या कॉर्नेटकडे आणि क्लॅरिनेटकडे. दुसऱ्या कॉर्नेटकडे आणि हॉर्नकडे असतात मधल्या जागा. बास ड्रमचा ठोका पडतो तो पाऊल जमिनीला लागताना. दुसऱ्या कॉर्नेटचा सूर येतो तो दोन पावलांच्या बरोबर मध्ये, म्हणजे एक पाय हवेत असताना. एनसीसीच्या तेज चालीत मिनिटाला 120 पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. तिला त्या अर्ध्या सेकंदाच्या मधोमध एक छोटा, स्वच्छ सूर ठेवायचा आहे आणि पुढच्या सुराआधी श्वासही उरवायचा आहे. पाय एका वेळेला, तोंड दुसऱ्या वेळेला. खुर्चीत बसून टेबलावर एका हाताने ठोका धरा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तोंडाने ‘पा’ म्हणत राहा. मिनिटभरात ‘पा’ ठोक्यावर जाऊन बसतो. आता हेच ओळ सांभाळत, 30 इंचांचं पाऊल टाकत, ओठावर धातूची कड दाबलेली असताना करायचं आहे.

घरी ती एकटी वाजवते तेव्हा त्याला काहीच अर्थ वाटत नाही, कारण बाकीचं सगळं दुसऱ्या मुलांच्या वाद्यात आहे. मैदानावर तो सूर काढून घेतला तर धून एकदम पोकळ होते. ऐकणाऱ्याला काय कमी पडलं ते सांगता येत नाही, पण चालणाऱ्या तुकडीचं पाऊल जड होतं. बँडमधल्या बहुतेक मुलांचं काम असंच असतं. कौतुक पहिल्या कॉर्नेटचं होतं, फोटो बँडपुढे काठी घेऊन चालणाऱ्या ड्रम मेजरचा निघतो. तुमची मुलगी पहाटे उठून जे शिकते आहे ते कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं नीट वाजवणं आहे. मला विचाराल तर बँडमधलं सगळ्यात अवघड काम तेच, आणि ते मन लावून करणाऱ्या मुलांबद्दल मला फार आदर आहे.

आता एवढा वेळ का लागतो. इथे सोलापूरचीच एक गोष्ट आड येते. आपल्या मुलांना ताल शिकवावा लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम, हलगी, शहराच्या पूर्वभागातला मार्कंडेय रथोत्सव, सिद्धेश्वरांच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक हे सगळं पाहत मुलं मोठी होतात. बाहेरच्या शहरातून आलेल्या मुलापेक्षा आपल्याकडचं पोर ताल चटकन पकडतं. पण त्या सगळ्या वादनात लय चढत जाते. लोक जमले, गुलाल उडाला, की हलगी वेग घेते, आणि ती घ्यायलाच हवी; लेझीम खेळणारे एकमेकांच्या समोर असतात, बघून बघून वेग वाढवतात, त्यातच तर मजा आहे. संचलनाच्या बँडला ही मुभा नाही. बँडने वेग वाढवला तर मागच्या तुकडीतल्या बुटक्या मुलांना पाऊल पुरत नाही, ओळ तुटते, मागचे पळायला लागतात. म्हणून सोलापुरात बँड शिकवताना माझा निम्मा वेळ एका गोष्टीवर जातो: गर्दी दिसली, टाळ्या वाजल्या, छाती धडधडली, तरी लय 120 वर ठेवणं.

याची परीक्षा घ्यायची सोपी पद्धत आहे. 120 पावलं गुणिले 30 इंच म्हणजे 100 यार्ड, साधारण 91 मीटर. मैदानावर टेपने तेवढं अंतर मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारायच्या. बँड वाजवत निघाला की पहिल्या ओळीने दुसरी रेघ बरोबर एका मिनिटात ओलांडली पाहिजे. आधी पोचली तर लय चढली किंवा पाऊल लांबलं, उशिरा पोचली तर उलट. नव्या बँडला हे पहिल्या महिन्यात जमत नाही. जमायला लागलं तरी लोक बघायला उभे केले की परत बिघडतं. मग परत रेघ, परत घड्याळ. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही मुलं त्याच त्या मैदानावरून इकडून तिकडे चालतायत, नवीन काहीच शिकत नाहीत. प्रत्यक्षात याच चालण्यात बँड तयार होतो.

पूर्वभागातला एक मुलगा माझ्याकडे साईड ड्रमला होता. घराला लागूनच यंत्रमागाचं शेड, दिवसरात्र खटखट. तो रबराच्या तुकड्यावर काड्या मारून सराव करायचा, तोही मागाच्या आवाजात. मागाचा वेग वेगळा, त्याचा वेगळा. सुरुवातीला तो मागाबरोबर वाहवत जायचा. सहा-आठ महिन्यांनी असा तयार झाला की शेजारी डॉल्बी लावली तरी त्याच्या काडीचा वेग हलत नसे. पुढे बाकीचे ड्रमवाले त्याच्या मनगटाकडे बघून वाजवायचे.

आणखी एक कारण आहे जे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आवाजाला पोचायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण 340 मीटर हा त्याचा वेग. बँडच्या मागे 68 मीटरवर जी तुकडी चालते, तिला ठोका 0.2 सेकंद उशिरा ऐकू येतो. पाऊल अर्ध्या सेकंदाचं, त्यात 0.2 सेकंदांचा उशीर म्हणजे मोठाच फरक. म्हणून संचलनात शेवटच्या तुकडीचं पाऊल पुढच्यांशी जुळत नाही असं पुष्कळदा दिसतं. त्यात त्या मुलांचा दोष नसतो. खुद्द बँडमध्ये अंतर कमी असतं, तरी मागच्या ओळीने कानावर विसंबून वाजवलं तर धूनला मागून ओढ लागते. त्यासाठी मुलांना ड्रम मेजरच्या काठीकडे आणि पुढच्याच्या टाचेकडे बघून वाजवायला शिकवावं लागतं. कान म्हणतो ‘आत्ता’, डोळा म्हणतो ‘आधीच’, आणि ऐकायचं डोळ्याचं. ही सवय अंगात मुरायला महिने जातात.

वळण घेताना तर वेगळाच प्रकार. ओळ उजवीकडे वळते तेव्हा उजव्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागेवर कदमताल करतो आणि डाव्या टोकाचा लांब ढांगा टाकतो, तेही ओळ सरळ ठेवून आणि वाजवणं न थांबवता. लांब ढांग टाकणाऱ्याच्या तोंडाला झटका बसतो, माउथपीस, म्हणजे वाद्याचं ओठाला लावायचं टोक, दाताला लागतं. म्हणून आधी वाद्याशिवाय वळायचं, मग वाद्य नुसतं तोंडाला लावून, मग वाजवत.

आता पहाट कशाला, हे तुम्ही सोलापूरकर असल्याने वेगळं सांगायला नको. मार्च महिन्यानंतर नऊ वाजता मैदानावर उभं राहवत नाही, पुढे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि सकाळची सवय वर्षभर एकच असलेली बरी. जानेवारीत मैदानाचीही अडचण असते. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरतो, शहरभर यात्रेची गर्दी असते, 12 जानेवारीला हुतात्मा दिनाचे कार्यक्रम असतात, आणि नेमक्या याच दिवसांत प्रजासत्ताक दिनाची तयारी टिपेला पोचलेली असते. मग कॉलेजच्या मैदानावर, क्रिकेटवाले यायच्या आत जेवढं उरकेल तेवढं. पहाटेच्या थंडीत पितळी वाद्यांचा सूर उतरलेला असतो, उन्हं आली की चढतो, आणि सगळ्यांचा सारखा चढत नाही. त्यामुळे सराव सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सूर जुळवावे लागतात. राष्ट्रगीतात हे फार जाणवतं. पूर्ण राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. तिथे चालणं नाही, लांब सूर आहेत, सगळे स्तब्ध उभे आहेत. एका कॉर्नेटचा सूर जरा हलला तरी मैदानभर कळतं.

तुम्ही लिहिलंय की एक दिवस ताप होता तरी ती गेली, आणि तुम्हाला राग आला. तो राग रास्त आहे. तापात फुंकायचं वाद्य वाजवू नये, तिने घरी राहायला हवं होतं. पण ती का गेली असेल हेही लक्षात घ्या. क्रिकेटच्या संघात बारावा खेळाडू असतो. पंचवीस-तीस मुलांच्या कॉलेज बँडमध्ये बहुतेकदा एकेका जागेला एकच मूल असतं. दुसरा कॉर्नेट आला नाही तर त्या दिवशी बाकीची मुलं चुकीचा बँड ऐकत सराव करतात, आणि ओळीत भोक दिसतं ते वेगळंच. हे मुलांना कुणी भाषण देऊन सांगत नाही, त्यांना ते दिसतं. म्हणून हुशार पण अधूनमधून येणाऱ्या मुलापेक्षा बेताचं वाजवणारं, रोज येणारं मूल मला बँडमध्ये जास्त मोलाचं वाटतं. मात्र आजारपणाचा आणि परीक्षेचा विचार करून जागा आधीच झाकून ठेवणं ही शिकवणाऱ्याची जबाबदारी आहे. पहिल्या कॉर्नेटला दुसऱ्याचा भाग येतो का, हे बघणं त्याचं काम. त्याचं ओझं अठरा वर्षांच्या पोरीवर पडता कामा नये.

तेव्हा मेहनत लागते, आणि का लागते, ते सांगून झालं. आता ती वाया जाते आहे का, हे कसं बघायचं. एक दिवस तिच्याबरोबर मैदानावर जा. कुणाला न सांगता कडेला उभे राहा. दिलेल्या वेळेला सराव सुरू होतो, की मुलं येऊन अर्धा तास कुडकुडत उभी असतात? शिकवणारा चूक झाली की चार मात्रा वेगळ्या काढून त्या विभागाकडून करून घेतो, की पुन्हापुन्हा अख्खी धून पहिल्यापासून वाजवायला लावतो? हा दुसरा प्रकार मी फार ठिकाणी पाहिला आहे, आणि तोच मुलांचे तास खातो. ड्रमवाले आपला भाग बसवत असताना फुंकणाऱ्यांना विश्रांती मिळते का? मागच्या ओळीतल्या मुलांशी कुणी बोलतं का? पिण्याचं पाणी जवळ आहे का? चांगल्या हाताखाली दीड तासात जे होतं ते ढिसाळ हाताखाली तीन तासांत होत नाही. तिथे ढिसाळपणा दिसला तर तुमची शंका खरी आहे, आणि ती शिकवणाऱ्याकडे किंवा एनसीसीच्या अधिकाऱ्यांकडे स्पष्ट मांडा. मुलीला काढून घेण्याआधी हे करा.

ओठांबद्दल जरा सविस्तर, कारण त्यात निष्काळजीपणा चालत नाही. वाजवल्यावर ओठावर गोल वळ उठणं आणि थोडं जड वाटणं हे नेहमीचं आहे, तासाभरात जातं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सूज राहते, ओठ बधिर होतो, आतून दाताने कापतं, असं असेल तर ती जोर लावून वाजवते आहे. नवीन मुलं वरचा सूर लागेना की माउथपीस ओठावर दाबतात. दाबून सूर लागतो खरा, पण ओठातलं रक्त थांबतं आणि स्नायू लवकर थकतो. काम श्वासाने आणि ओठाच्या कडांनी करायचं असतं. तिला सांगा, जितका वेळ वाजवलं तितका वेळ ओठाला आराम. घरी दहा मिनिटं पुरे, तीही हळू आवाजात लांब सूर धरून. आठवडाभर मोठ्याने वाजवणं बंद. सूज तरी उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. दातांना तारा बसवलेल्या असतील तर दंतवैद्याकडून मेण आणा आणि उस्तादांना, म्हणजे बँड शिकवणाऱ्यांना, आधी कळवा. माउथपीस स्वतःचं घ्या. कॉलेजचं वाद्य चार जणांनी वापरलं तर चालतं, माउथपीस वापरू नये. आपल्याकडे मेरठहून आलेली वाद्यं पुष्कळ दिसतात, त्यांना बसेल असं माउथपीस सुटं मिळतं आणि कॉर्नेटच्या मानाने त्याचा खर्च फारच कमी. आणि ती ओळीत ड्रमच्या अगदी पुढे उभी राहत असेल तर फोमचे कानातले बोळे द्या. कापूस पुरत नाही.

खाण्याचंही बघा. पोट रिकामं असेल तर चक्कर येते, भरलेलं असेल तर श्वास पोटात उतरत नाही. निघताना एक केळं किंवा दोन-चार खजूर, आणि सराव संपल्यावर डब्यातली शेंगाचटणी-भाकरी लेक्चरच्या आधी. लेक्चरला झोप येते त्याचं कारण बऱ्याचदा हा न खाल्लेला डबा आणि रात्री उशिरापर्यंतचा मोबाईल असतो. साडेपाचला निघायचं तर दहाला झोपायलाच हवं, यात तडजोड नाही.

अभ्यासाचं सरळ सांगतो. बँडचा भार वर्षभर सारखा नसतो. ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि डिसेंबर-जानेवारी हे जड दिवस, एरवी आठवड्यातून दोन-तीन सराव पुरतात. सेमिस्टर परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मी मुलांना मैदानावर बोलावत नाही. प्रॅक्टिकल ज्यांचं सकाळी असतं त्यांना लवकर सोडतो. तिच्याकडे हे होतं का, ते विचारा. ती आधीपासून एखाद्या विषयात मागे असेल, किंवा घर लांब असून पहाटेच्या प्रवासाची सोय नसेल, तर माझं उत्तर वेगळं असेल: या वर्षी 26 जानेवारी होऊ द्या, मग ड्रमसारखा कमी थकवणारा विभाग मिळतो का बघा, किंवा वर्षभर थांबा. कुणी थांबलं म्हणून बँड त्याला परका मानत नाही.

याचा पुढे उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंय. नौदलात आणि हवाई दलात अग्निवीर म्हणून वादकांची वेगळी भरती होते, तिला मुलीही अर्ज करू शकतात. आपल्या राज्याच्या पोलीस दलातही बॅन्डस्मनची पदं असतात. पण तिच्या मनात तसं नसेल तर या कारणासाठी तिला बँडमध्ये ठेवू नका. ती ताप अंगात असताना उठून जाते आहे, म्हणजे तिला तिथे काहीतरी मिळतंय. ते काय, हे तिलाच विचारा, आणि घाईने ‘पण मार्क?’ म्हणू नका.

तेव्हा माझं मत, 26 जानेवारीपर्यंत तिला थांबवू नका. तुकडीची बांधणी झालेली असताना मध्ये काढणं तिलाही लागेल आणि बँडलाही. ओठांचं मात्र याच आठवड्यात बघा. शनिवारी मैदानावर जा, उस्तादांना भेटा आणि दोन गोष्टी विचारून या: परीक्षेच्या आधी सुट्टी किती, आणि ती आजारी पडली तर दुसरा कॉर्नेट कोण वाजवणार. मुलांची काळजी असलेला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. परीक्षेच्या तारखा आणि तिच्या प्रॅक्टिकलचे वार इथे कळवलेत तर फेब्रुवारीपासूनचा सराव अभ्यासाच्या वेळात कसा बसवायचा, ते मी लिहून देतो.